15 ते 20 तारीख : करसल्लागाराच्या कार्यालयातला फोन आणि अर्धवट सुटलेलं रिटर्न

17 तारीख, दुपारचे सव्वाबारा. स्क्रीनवर एका सूत व्यापाऱ्याची टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलनं बनवलेली खरेदीची यादी) उघडी आहे, शेजारी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली खरेदीची यादी, आणि सहायकाचं बोट 418 नंबरच्या बिलावर. फोन वाजतो. "मॅडम, आमचं झालं का?" "नाही हो, उद्यापर्यंत होईल." फोन खाली. बोलणं पंधरा सेकंदांचं. बोट मात्र आता 481 वर टेकलेलं आहे आणि मधली बिलं तपासली गेली असं समजून काम पुढे चालू होतं.

या प्रकरणाचा विषय एवढाच आहे : मधेच येणारा व्यत्यय आणि त्यानं कामातली गळणारी पायरी. ठिकाण इचलकरंजीसारख्या कापडाच्या पेठेतलं करसल्लागाराचं कार्यालय. कार्यालय प्रातिनिधिक आहे. माणसांचे, पार्ट्यांचे आणि वेळेचे आकडे हिशेब मांडता यावा म्हणून धरले आहेत. तारखा, नियम आणि दंड मात्र जीएसटीत आहेत तेच. सल्लागार स्वतः, हाताखाली चार सहायक, दरमहा रिटर्न भरणाऱ्या 60 पार्ट्या, तिमाहीच्या आणखी 35. एक लँडलाइन, एक कार्यालयाचा मोबाइल आणि पाच जणांचे खिशातले पाच. पार्ट्यांकडे या सातही नंबरांपैकी कुठला ना कुठला असतोच, आणि एक उचलला गेला नाही की दुसरा लागतो.

महिन्यातले हेच दिवस का

महिनाभर कामाच्या तारखा ओळीनं येतात. 7 ला टीडीएसचं चलन, 11 ला आर-वन (विक्रीचं रिटर्न), 13 ला तिमाहीवाल्यांच्या विक्रीचा तपशील, 15 ला पीएफ आणि ईएसआय, 20 ला थ्री-बी (कर भरायचं मुख्य रिटर्न), 22 ला महाराष्ट्रातल्या तिमाही पार्ट्यांची थ्री-बी. यातली 11 तारीख तशी जड वाटत नाही, कारण विक्रीची बिलं पार्टीच्या स्वतःच्या हातात असतात. थ्री-बीचं तसं नाही. खरेदीवरचा क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) टू-बीत दिसल्याशिवाय घेता येत नाही आणि टू-बी तयार होते 14 तारखेला. म्हणजे खरी जुळवणी 15 ला सुरू होणार आणि 20 ला संपलेली असणार. मध्ये एक रविवार धरला तर हातात पाच दिवस.

आणि नेमके हेच पाच दिवस पार्ट्यांच्याही डोक्यात असतात. "वीस तारीख आली" हे प्रत्येक व्यापाऱ्याला पाठ आहे. त्यामुळे ज्या दिवसांत सलग डोकं लागतं, त्याच दिवसांत फोनही सर्वांत जास्त येतात. इतर कार्यालयांत व्यत्यय वर्षभर विखुरलेला असतो. इथे तो कामाच्या ऐन मोक्यावर येतो. "फोन बंद ठेवा, नोटिफिकेशन बंद करा" हा सर्वत्र मिळणारा सल्ला इथे निरुपयोगी आहे. पार्टीचा फोन हाच या धंद्याचा पोटापाण्याचा धागा. तो तोडायचा नाही, त्याला वेळ आणि जागा नेमून द्यायची.

नुकसान नेमकं कुठे होतं

एका पार्टीची थ्री-बी म्हणजे साधारण डझनभर पायऱ्या. टॅलीतली विक्री आर-वनशी पडताळायची. आयएमएसमध्ये (पोर्टलवर पुरवठादारांची बिलं दिसतात ते पान) आलेली बिलं स्वीकारायची, नाकारायची किंवा थांबवून ठेवायची. 14 तारखेनंतर तिथे काही बदललं असेल तर टू-बी पुन्हा काढायची. खरेदीची यादी तिच्याशी बिल-बिल जुळवायची. गाडीभाड्यावरचा आरसीएम (सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं भरायचा कर) धरायचा. न घेता येणारा क्रेडिट उलटवायचा. मग क्रेडिट लावून उरलेली रक्कम काढायची, चलन करायचं, पार्टीनं पैसे भरायचे, ओटीपी घ्यायचा, रिटर्न दाखल करायचं आणि पावती पार्टीला पाठवायची.

यात अवघड असं एकही काम नाही. अवघड आहे तो क्रम. टू-बी पुन्हा काढायची पायरी गाळली तरी पोर्टल कुठे अडत नाही. जुन्याच आकड्यावर सगळं सुरळीत पुढे सरकतं. आरसीएम राहिला तरी लाल अक्षरात काही येत नाही. म्हणून व्यत्ययानं होणारी चूक त्या क्षणी दिसत नाही, दोन-तीन महिन्यांनी नोटिशीत दिसते.

मिशिगन स्टेट विद्यापीठातले एरिक आल्टमन आणि त्यांचे सहकारी यांनी 2014 साली याच गोष्टीची मोजणी प्रसिद्ध केली. क्रमानं करायच्या कामात सरासरी 2.8 सेकंदांचा व्यत्यय आणला, तर क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं, 4.4 सेकंदांच्या व्यत्ययानं ते तिप्पट झालं. "पटकन एक विचारू का" हा प्रश्न याहून लांब असतो. ही चूक आळशी किंवा नवख्या माणसाकडूनच होते असं समजू नये. पायऱ्या अंगवळणी पडलेल्या असल्या की हात आपोआप पुढच्या पायरीवर जातात, आणि मधली गळलेली कळत नाही.

पैशाच्या हिशेबात एक चूक लहान दिसते. थ्री-बी उशिरा गेली तर दिवसाला 50 रुपये, शून्य रिटर्नला 20, आणि रोखीनं भरायच्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज. 90,000 च्या सुतावर 5 टक्क्यांनी 4,500 चा क्रेडिट चुकून घेतला, तर दिवसाचं व्याज सव्वादोन रुपयेसुद्धा नाही. पण थ्री-बी दुरुस्त करता येत नाही. चूक पुढच्या महिन्यात समायोजित करावी लागते किंवा डीआरसी-03 या फॉर्मनं भरावी लागते. टू-बीपेक्षा घेतलेला क्रेडिट ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर डीआरसी-01सी हा खुलासा मागणारा फॉर्म येतो. त्याला सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर पुढचा आर-वन अडतो. म्हणजे आजच्या पंधरा सेकंदांच्या फोनमधून पुढच्या महिन्याचे चार फोन जन्माला येतात. हे चक्र दंडापेक्षा महाग पडतं.

जुलै 2025 च्या रिटर्नपासून आणखी एक गोष्ट बदलली. थ्री-बीतली विक्रीवरची देयता आर-वनवरून भरून येते आणि तिथे हातानं बदलता येत नाही. विक्रीत चूक असेल तर थ्री-बी भरण्याआधी आर-वन-ए (आर-वनची दुरुस्ती) करून ती सुधारावी लागते. पूर्वी 20 तारखेला शेवटच्या क्षणी आकडा बदलून वेळ निभावून नेता यायची. आता ते दार बंद आहे. 11 तारखेच्या कामाला पूर्वी दुय्यम मानलं जायचं, तसं आता मानू नये.

पहिले दोन दिवस फक्त रेघा

काहीही बदलण्याआधी दोन दिवस मोजा. प्रत्येकाच्या टेबलावर एक कोरा कागद, त्यावर सहा रकाने. "झालं का" विचारणारे, बिलं पाठवणारे, ओटीपी आणि पैसे भरण्याचे, ई-वे बिलाचे (मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद), कार्यालयातल्याच माणसाचे, स्वतःच्या मोबाइलचे. व्यत्यय आला की रेघ ओढायची, बाकी काही लिहायचं नाही. अ‍ॅप नको, अ‍ॅप उघडणं हाच एक व्यत्यय होतो. मोजणी 16 आणि 17 लाच करावी. 3 तारखेला मोजली तर भलतंच चित्र दिसतं.

अशा कागदावर दोन गोष्टी बहुधा समोर येतात आणि दोन्ही बोचतात. एक, "झालं का" हा रकाना भरलेला असतो, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक फोन कार्यालयानं आधी एक ओळ कळवली असती तर आलाच नसता. दुसरी, पाचवा रकाना अपेक्षेपेक्षा लांब असतो आणि त्यात सल्लागार स्वतः असतात. केबिनमधून "पाटलांचं कुठवर आलं?" ही हाक मारणाऱ्याला व्यत्यय वाटत नाही. पण सहायक ती टाळू शकत नाही, "नंतर सांगतो" म्हणू शकत नाही. पार्टीचा फोन निदान वाजू देता येतो.

प्रश्नच येऊ नये म्हणून

पहिला बदल 12 तारखेला होतो, फोन यायच्या आधी. सर्व मासिक पार्ट्यांना एकच संदेश:

"नमस्कार. खरेदीची सर्व बिलं आणि बँक स्टेटमेंट 14 तारखेला संध्याकाळी 6 पर्यंत पाठवावे. आपल्याला तीन संदेश येतील : कागद मिळाले, कर इतका भरायचा, रिटर्न भरले. दुपारी 1 ते 1.30 आणि संध्याकाळी 5 ते 6 आम्ही फोनवर नक्की भेटू. ई-वे बिलासाठी केव्हाही फोन करा."

हे तीन संदेश वेळेवर गेले तरच उपयोग. "कागद मिळाले" हा संदेश कागद मिळाल्याच्या तासाभरात जायला हवा. तो दोन दिवसांनी गेला तर पार्टीनं तोवर तीनदा विचारलेलं असतं आणि तिचा संदेशांवरचा विश्वास कायमचा उडतो.

बिलं तुकड्या-तुकड्यांनी येणं हा वेगळा त्रास. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी चार फोटो, दुपारी दोन, रात्री "एक राहिलं होतं". यावर उपाय एकच : एका पार्टीचे कागद पूर्ण झाल्याशिवाय तिची जुळवणी सुरूच करायची नाही. अर्धवट कागदांवर सुरू केलेली पार्टी चार वेळा उघडावी लागते, आणि प्रत्येक वेळी "आपण कुठवर आलो होतो" हे शोधण्यात वेळ जातो. टू-बीत दिसणारं पण पार्टीकडून न आलेलं बिल असेल, तर त्याची यादी एकदाच, एकाच संदेशात मागावी.

काही पार्ट्या संदेश वाचत नाहीत. एखादे आबा स्वतः पिशवी घेऊन येतात, बसतात, चहा घेतात, आणि तसं येण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. त्यांच्यासाठी दाराजवळ खुर्ची आणि टेबल हवं, कामाच्या टेबलाशेजारी नव्हे. "आबा, बसा. पिशवी इथं द्या, बिलं मोजून तुम्हाला पावती देतो." 23 बिलं मिळाली अशी चिठ्ठी हातात पडली की आबा समाधानानं उठतात. त्यांना हवी असते ती खात्री. ती दारातच मिळाली तर ते आतल्या टेबलापर्यंत येत नाहीत.

दारावरचा माणूस

चारपैकी एक सहायक अर्धा दिवस फक्त फोन आणि दार सांभाळतो. पाळी रोज फिरते. एकालाच हे काम दिलं तर त्याचं शिक्षण थांबतं आणि तो कंटाळून सोडून जातो. लँडलाइन, कार्यालयाचा मोबाइल आणि व्हॉट्सअ‍ॅप, तिन्ही त्याच्याकडे. बाकी तिघं सकाळी 10.30 ते 1 आणि दुपारी 3.30 ते 5 या वेळेत फोन घेत नाहीत. दिवसाचे चार तास सलग.

दारावरच्या वहीत चार रकाने : पार्टी, वेळ, काम, कुणी कधी परत फोन करायचा. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. "सांगतो" एवढंच लिहिलेलं असेल तर तो निरोप हरवला असं समजावं.

ई-वे बिल मात्र थांबत नाही, आणि थांबवूही नये. गाडी भरून फाटकाशी उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि बिलाशिवाय ती हलू शकत नाही. महाराष्ट्रात राज्यांतर्गत 1 लाखाच्या वर, परराज्यात 50,000 च्या वर बिल लागतं. मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास एवढ्यातच ती वाढवता येते. बिल रद्द करायला 24 तास. हे काम पुढे ढकलणाऱ्या कार्यालयानं पार्टी गमावली तर दोष पार्टीचा नाही. ई-वे पोर्टलवर उप-वापरकर्ता काढता येतो. ज्या पार्ट्यांची बिलं कार्यालय काढतं, त्यांचा एक उप-वापरकर्ता दारावरच्या माणसासाठी आधीच तयार ठेवावा, म्हणजे त्याला आत जाऊन पासवर्ड मागावा लागत नाही. ओटीपी कुठल्या मोबाइलवर येतो तेही आधीच पाहून ठेवावं.

पुढची पायरी लिहून मगच मान वर

तरीही व्यत्यय येणारच. त्यासाठी एक साधी चिठ्ठी. कुणी हाक मारली, तर उत्तर देण्याआधी एक ओळ लिहायची : काय झालं ते नाही, *पुढे काय करायचं* ते. "जुळवणी चालू आहे" या ओळीचा परत आल्यावर काही उपयोग नाही. "पुढे : बिल 419 पासून. आयएमएसमध्ये दोन नाकारली, टू-बी पुन्हा काढायची" ही ओळ वाचली की हात थेट योग्य जागी जातो. लिहायला सात-आठ सेकंद लागतात. समोरच्याला तेवढं थांबायला सांगणं उद्धटपणा नाही. "एक ओळ लिहितो, मग बोलतो" म्हटलं की लोक समजून घेतात.

चिठ्ठी पार्टीच्या फाइलवर चिकटवावी, स्क्रीनच्या कडेला नाही. स्क्रीनवर दुपारपर्यंत सहा चिठ्ठ्या होतात आणि कुठली कुणाची ते कळेनासं होतं. शिवाय एका ब्राउझरमध्ये एकच पार्टी. मधेच दुसरीचं लॉगिन केलं की पहिलीचं सत्र जातं, आणि घाईत एकीचे आकडे दुसरीच्या पानावर भरण्याची भीती असते. पान उघडं ठेवून फोनवर पंधरा मिनिटं गेली तरी पोर्टल बाहेर काढतं. फोन घेण्याआधी "सेव्ह" दाबण्याची सवय चिठ्ठीच्याच जोडीला लावावी.

ओटीपीचा तास

ओटीपी हा सर्वांत वाईट व्यत्यय, कारण त्यात दोन माणसं एकाच वेळी मोकळी असावी लागतात. ओटीपी 10 मिनिटं चालतो. मालक माग सुरू असलेल्या शेडमध्ये, आवाजात फोन ऐकू येत नाही. मोबाइल मुलाकडे, मुलगा कोल्हापूरला. तेवढ्यात वेळ संपते, पुन्हा ओटीपी, पुन्हा फोन.

म्हणून दाखल करण्याचं काम दिवसभर विखरू द्यायचं नाही. संध्याकाळी 5 ते 6 हाच ओटीपीचा तास. ज्यांचे पैसे भरले गेलेत अशा दहा-बारा पार्ट्यांची यादी 4 वाजता काढायची आणि दारावरच्या माणसानं त्यांना कळवायचं : "आज 5 ते 6 फोन जवळ ठेवा, सहा आकडे सांगायचे आहेत." चलन पार्टीकडे सकाळीच गेलेलं असावं. चलनाची मुदत 15 दिवस असते, पण हे पार्टीला सांगायची गरज नाही. ती 20 तारीख धरूनच चालली पाहिजे. चुकीच्या शीर्षाखाली पैसे भरले आणि ते अजून वापरले नसतील, तर पीएमटी-09 या फॉर्मनं हलवता येतात. या दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणूनही पैसे आणि ओटीपी एकाच तासात आणू नयेत.

आतले प्रश्न

सल्लागारांच्या हाकेवर उपाय म्हणजे भिंतीवरचा पांढरा फळा. 60 ओळी, पाच रकाने : कागद, जुळवणी, चलन, पैसे, दाखल. प्रत्येकानं 1 वाजता आणि 5 वाजता आपापल्या खुणा करायच्या. केबिनमधून फळा दिसला पाहिजे. तो मागच्या खोलीत लावला तर हाका चालूच राहतात. सहायकांचे दर, एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) आणि क्रेडिटबद्दलचे प्रश्न वहीत लिहून दुपारी 1.30 ला एकत्र विचारायचे. यात एक सूट हवी : ज्या प्रश्नावाचून ती पार्टी पुढे सरकूच शकत नाही, तिथे चिठ्ठी लिहून पुढची पार्टी घ्यायची. वाट बघत बसायचं नाही.

स्वतःचे मोबाइल ड्रॉवरमध्ये. घरच्यांकडे लँडलाइनचा नंबर दिलेला असावा. हे न करता मोबाइल ठेवायला लावलं, तर शाळेतून मुलाचा फोन येईल या काळजीनं माणूस दर दहा मिनिटांनी ड्रॉवर उघडतो, आणि ते टेबलावरच्या मोबाइलपेक्षा वाईट. ही काळजी खरी असते. तिची सोय आधी करायची.

वेळेचा हिशेब

एका पार्टीला सलग 40 मिनिटं धरू. 60 पार्ट्यांचे 40 तास. तीन सहायक, दिवसाला चार सलग तास, म्हणजे रोजचे 12. 15 ते 18 या चार दिवसांत 48 तास होतात, 8 तास हातात राहतात आणि 19, 20 मोकळे. रविवार मध्ये आला तर तीन दिवसांचे 36 तास, 4 कमी पडतात. तेव्हा 19 ची सकाळ धरावी. हेच तिघं पूर्वीही आठ-आठ तास बसत होते. तास तेव्हाही पुरेसे होते, सलग नव्हते.

लक्ष्य 18 तारीखच ठेवावी. 20 ला पोर्टल मंदावतं, आणि त्या दिवशी कुठलीच घडी टिकत नाही.

कुठे बिघडतं

सर्वांत आधी दारावरचा माणूस बिघडतो. फोन शांत आहेत म्हणून तो हळूच एक थ्री-बी उघडतो, आणि मग दारही जातं आणि ती थ्री-बीही. त्याला तुटक चालणारी कामं द्यावीत : पावत्या पाठवणं, फाइली लावणं, आलेली बिलं मोजणं.

दुसरं, जुन्या पार्टीला राग येतो. "इतकी वर्षं झाली, आता साहेब फोनवर येत नाहीत?" अशा पाच-सात जणांना 12 तारखेच्या आधी सल्लागारांनी स्वतः फोन करून नवी वेळ सांगावी. संदेशानं हे काम होत नाही.

तिसरं, पहिल्या महिन्यात वेळा पाळल्या जातात आणि दुसऱ्या महिन्यात सल्लागारच 11 वाजता बाहेर येऊन तिघांशी बोलतात. त्या दिवसापासून ती वेळ कुणाचीच राहत नाही. चिठ्ठीही तशीच : घाईच्या वेळी ती सुटते, आणि घाईच्या वेळीच तिची गरज असते.

21 तारखेला दुपारी अर्धा तास वहीतल्या नोंदी चाळायच्या. ज्या पार्ट्यांचे कागद 14 नंतर आले, त्यांची नावं वेगळी काढून त्यांना पुढच्या महिन्यात संदेश 8 तारखेला पाठवायचा. फळा पुसायचा, 35 तिमाही पार्ट्यांची नावं लिहायची; तिमाही संपली असेल तर त्यांची 22 उद्यावर आहे, आणि नसेल तर 25 तारखेच्या चलनाचा संदेश आजच जायला हवा.